फिरते, पण पकडत नाही

नानांची गाडी फिरत होती, पण पकडत नव्हती. किल्ली पिळली की सेल्फ कण्हायचा, इंजिन घरघर फिरायचं, सगळं धूड थरथरायचं, आणि किल्ली सोडली की पुन्हा चिडीचूप. म्हणून हल्ली दर रविवारी सकाळी गल्लीतल्या जाणत्या मंडळींची बैठक तिच्या उघड्या बॉनेटभोवती भरायची, आणि माई स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिच्यावर नजर ठेवत चहाचं आधण ठेवायच्या.

गाडीला काय झालंय हे बैठकीत कुणालाच ठाऊक नव्हतं. माईंना मात्र चांगलं ठाऊक होतं, कारण ती त्यांनीच बंद पाडली होती.

नानांची नजर अधू झाली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता गाडी चालवायची नाही. त्यावर नाना घरी येऊन म्हणाले होते, "त्याला गाडीतलं काय कळतं? स्वतः बसने येतो." मग ते शेजारच्या फाटकाच्या खांबाला नमस्कार करू लागले, आणि खांब उलट नमस्कार करत नाही म्हणून शेजाऱ्यांवर रुसले. माईंनी तेही हसण्यावारी नेलं. पण एके दिवशी शाळेजवळच्या वळणावर एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. नानांना ती दिसलीच नाही. माईंनी किंकाळी फोडली म्हणून ब्रेक लागला. बाबागाडीचं चाक आणि बंपर यांच्यात हातभर अंतर उरलं होतं.

"रस्त्याच्या मधे कशाला येतात ही माणसं," एवढंच नाना म्हणाले. पण घरी येईपर्यंत गाडी दुसऱ्या गिअरच्या वर गेली नाही.

त्याच दुपारी ते झोपले असताना माईंनी बॉनेट उघडलं. आत काय करायचं ते त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. त्या काळी गाड्या चोरीला जायच्या, आणि नानांचा स्वभाव आधीच संशयी. सिनेमाला गेलं की गाडी लावायची, इंजिनावरच्या काळ्या टोपणाच्या दोन क्लिपा काढायच्या, आतला अंगठ्याएवढा रोटर उचलायचा, रुमालात गुंडाळून खिशात टाकायचा. रोटर नसला की इंजिन फिरतं, पण प्लगपर्यंत करंट पोचत नाही. "आता बापजन्मी चालू व्हायची नाही," असं म्हणून ते ऐटीत तिकिटं काढायला जायचे. सगळे रुमाल तेलकट. एकदा तो रोटर बदललेल्या विजारीत राहिला, विजार लॉण्ड्रीत गेली, आणि नवी नवरी उंच टाचांच्या चपला हातात घेऊन घरापर्यंत चालत आली. चोरापासून गाडी वाचवायची विद्या अशी माईंना फुकटात मिळाली होती. उतारवयात ती चोराऐवजी मालकावर वापरावी लागली, एवढंच.

रोटर त्यांनी शिवणाच्या बटणांच्या डब्यात टाकला. टोपण होतं तसं बसवलं, क्लिपा लावल्या, हात धुतले.

त्यांना वाटलं होतं, चार दिवस खटपट करतील आणि नाद सोडतील. पण बंद पडलेल्या गाडीइतकं पुरुषांना एकत्र आणणारं दुसरं काही नसतं. वर्षानुवर्षं घरी न फिरकलेली माणसं येऊ लागली.

पहिले आले हेडमास्तर. निवृत्त झाले होते, पण तास घ्यायची सवय सुटली नव्हती. "इंजिनाला तीन गोष्टी लागतात," त्यांनी बोट वर केलं. "हवा, पेट्रोल आणि ठिणगी. यातली कुठली नाही?"

"ते कळलं असतं तर तुम्हाला बोलावलं असतं का?" कॅप्टन म्हणाले. कॅप्टन कुठल्याही सैन्यात नव्हते. तरुणपणी क्लबाच्या कॅरम संघाचे कॅप्टन होते, आणि त्या हुद्द्यावरून त्यांना कुणी कधी उतरवलं नाही.

पेट्रोल येतंय का हे बघायला कॅप्टननी नळी उपसली आणि हेडमास्तरांना सेल्फ मारायला सांगितलं. पेट्रोल आलं. कॅप्टनच्या कोऱ्या विजारीवर आलं.

"पेट्रोल आहे," हेडमास्तरांनी आतून निकाल दिला.

पुढच्या रविवारी जावई आले. त्यांनी पेटीतून एक यंत्र काढलं. ते गाडीला जोडलं की गाडी स्वतःच आपलं दुखणं पडद्यावर लिहून दाखवते म्हणे. जावईबापूंनी स्टिअरिंगखाली डोकं घालून बराच वेळ यंत्र जोडायची जागा शोधली. ती सापडली नाही, कारण असली यंत्रं निघाली तेव्हा ही गाडी म्हातारी झालेली होती. जावई वाकले ते वाकलेच. त्यांना सरळ करायला दोघे लागले, आणि माईंना गरम पाण्याची पिशवी द्यावी लागली.

"गाडी राहू दे. आधी यांचं निदान करा," कॅप्टन म्हणाले.

मग एक प्लग काढून ठिणगी बघितली. ठिणगी नव्हती. सगळ्यांनी मिळून कॉइलवर संशय घेतला, नवी कॉइल आणली. इंजिन फिरलं. पकडलं नाही.

"आता हे टोपण उघडून बघू," असं म्हणून हेडमास्तरांनी क्लिपेला हात घातला, आणि खिडकीत माई चहा गाळायच्या थांबल्या.

"ते मी बघितलंय," नाना पटकन म्हणाले. "पहिल्याच दिवशी. आत सगळं ठीक आहे."

माईंनी गाळणी खाली ठेवली. पहिल्याच दिवशी उघडलं होतं, आणि आत रोटर नाही हे यांना दिसलं नाही? ज्या जागेला डोळे मिटून हात लावायचे, तिथली रिकामी खोबण दिसली नाही? डॉक्टर म्हणाले त्याहून नजर गेलेली आहे तर. त्या रात्री नानांच्या ताटातला मासा त्यांनी काटे काढून वाढला. नानांनी काय ही नवी थेरं अशा नजरेने पाहिलं, आणि मुकाट्याने जेवले.

पुढचे रविवारही तसेच गेले. कुणीही टोपणाजवळ गेलं की नाना म्हणायचे, "ते मी बघितलंय," आणि सगळ्यांना कार्बोरेटरकडे वळवायचे. कार्बोरेटर इतक्या वेळा साफ झाला की त्यात तोंड पाहून भांग पाडता आला असता.

शेवटी पाठ सरळ झालेल्या जावयांनी खराखुरा मिस्त्री आणला. चहाचा ट्रे घेऊन माई दारातच उभ्या राहिल्या. रोटर नाही हे मिस्त्रीला कळणार, नवा आणायला त्याला दुपारसुद्धा लागणार नाही, आणि संध्याकाळी नाना पुन्हा शाळेजवळच्या वळणावर.

मिस्त्री फार बोलला नाही. त्याने कॉइलची मधली वायर उपसून लोखंडाजवळ धरली, सेल्फ मारायला सांगितलं. निळी ठिणगी चटचट उडाली.

"कॉइलला करंट आहे, प्लगला नाही," तो म्हणाला. "म्हणजे मधेच अडतंय. आणि मधे आहे तरी काय, हे टोपण."

त्याने हात पुढे केला. त्याआधी नानांचा पंजा टोपणावर पडला होता.

"ते मी बघितलंय."

"काका, एक मिनिट लागेल."

"बघितलंय म्हटलं ना."

मिस्त्रीने त्या पंजाकडे पाहिलं. न चुकता, न चाचपडता, नेमका टोपणावर पडलेला पंजा. मग त्याने दारातल्या माईंकडे पाहिलं. हातातला ट्रे विसरून त्या टोपणाकडेच बघत होत्या. त्याने हात पुसले.

"हिचे सुटे भाग आता मिळत नाहीत," तो मंडळींना म्हणाला. "उभी राहू दे. धुवा, पुसा, चालवायचं नाव काढू नका."

"मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो," हेडमास्तर म्हणाले.

मंडळी पांगली. नाना गाडीत जाऊन बसले. माई शेजारच्या जागेवर जाऊन बसल्या आणि सवयीने पदर दारात अडकू नये म्हणून आत ओढून घेतला.

"कुठे ठेवलायस?" नानांनी समोर बघत विचारलं.

"काय?"

"अगं, रोटर."

"बटणांच्या डब्यात."

"रुमालात गुंडाळून ठेव. गंज धरेल."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. बाहेरचा चोर असता तर अख्खी गाडी नेली असती. काम झाल्यावर क्लिपा नीट लावून ठेवणारा चोर घरातलाच."

"मग इतके रविवार त्या बिचाऱ्यांना राबवलंत कशाला?"

नानांनी स्टिअरिंगवरची धूळ पुसली. "गाडीला काय झालंय हे चारचौघांत विचारता येतं," ते म्हणाले. "मला काय झालंय, हे कुणाला विचारायचं? ती बाई मला दिसली नव्हती गं. बाबागाडीसुद्धा नाही. तू ओरडलीस तेव्हाही नाही. मी नुसता तुझ्या आवाजावर ब्रेक दाबला."

माईंनी गाडीला लावलेली किल्ली काढून घेतली नाही. नुसता आपला हात त्यांच्या हातावर ठेवला.

"गुरुवारी डॉक्टरकडे जायचंय," नाना म्हणाले. "बसने जाऊ. तो कुठल्या बसने येतो ते विचारून ठेव."

"आणि रविवारी तुमची मंडळी आली तर?"

"येऊ दे की. मिस्त्रीला काही कळत नाही असं कॅप्टनचं मत पडलंय. जाता जाता सांगून गेला."

माई चहाचं भांडं चढवायला उठल्या. मागे नानांनी एकदा किल्ली पिळली. इंजिन घरघर फिरलं, फिरत राहिलं. स्वयंपाकघराच्या दाराशी थांबून माईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं, आणि मग बटणांच्या डब्यासाठी एक जुना रुमाल शोधायला गेल्या.