पांडेसऱ्यातला न दिसणारा उजेड

मित्रांनो, माझा उजेड तुम्हाला कधीच दिसणार नाही. मी जेवणाच्या डब्याएवढे एक लेझर यंत्र आहे. सुरतेच्या पांडेसऱ्यात, कापड रंगवणाऱ्या एका डाईंग मिलमध्ये राहते.

माझ्या पूर्वजांना अख्खे टेबल लागे. मला मात्र हातात धरता यावे असे घडवले. माझ्या पोटातला इवलासा स्फटिक तांबड्या रंगापलीकडचा प्रकाश सोडतो. प्रत्येक वायू त्यातला आपापला वाटा गिळतो. त्यावरून मी विषारी वायू ओळखते, अगदी चिमूटभर असला तरी.

मी आले तेव्हा मला हार घातला होता. पुढे वाफ आणि कापडाचे बारीक तंतू माझ्या काचेवर बसले. वायू नसतानाही मी ओरडू लागले. मुकादम गजेंद्रभाऊ वैतागले आणि मी रंगाच्या पिंपांमागे जाऊन पडले. तिथे मला फार एकटे वाटे.

मग मिलच्या सुरक्षेचे काम पाहायला योगिता आली. तिने मला शोधून काढले, काच पुसली, प्रमाण माहीत असलेल्या वायूवर माझे आकडे जुळवले.

त्याच आठवड्यात सांडपाण्याच्या टाकीतला पंप अडकला. मिलचे जुने कामगार लोटूमामा कंबरेला दोरी बांधून उतरायला निघाले. योगिताने मला टाकीच्या तोंडाशी धरले आणि मी ओरडले.

"ते खोटंच बोंबलतं," गजेंद्रभाऊ म्हणाले. "पंप बंद आहे, मिल थांबेल."

"पोरी, मी काय आज पहिल्यांदा उतरी राहिनू का?" लोटूमामा हसले.

"मामा, जरा थांबा." योगिता मला घेऊन उघड्या अंगणात गेली. मी गप्प झाले. टाकीपाशी आणताच पुन्हा ओरडले. तिने दोघांसमोर परत तसेच करून दाखवले. खोटे असते तर मी अंगणातही ओरडले असते.

गजेंद्रभाऊंनी स्वतः पंखा आणून टाकीत ताजी हवा सोडली. मी शांत झाल्यावरही योगिताने मामांना हवेच्या नळीचा मुखवटा चढवायला लावला आणि मला दोरीने त्यांच्यासोबत खाली सोडले. पंपात अडकलेली चिंधी काढून मामा वर आले. गजेंद्रभाऊंनी हात देऊन त्यांना काठावर घेतले आणि बराच वेळ तो हात सोडला नाही.

मित्रांनो, आम्ही यंत्रे चुकलो तर आम्हाला जरूर तपासा, दुरुस्त करा. पण गप्प करून कोपऱ्यात टाकू नका. खाली उतरणाऱ्या माणसाची घरी कोणीतरी वाट पाहत असते.