लेकीचे वेगवेगळे कागद

२०१९ सालच्या एप्रिलात, रामदासपेठेतल्या डॉक्टर मुग्धांच्या टेबलावर सिंधूताईंनी एक कोरी करकरीत फाईल ठेवली. वर लिहिलं होतं, ‘पायाची सूज’.

“आधीचे कागद?”

“ते दुसऱ्या दुखण्याचे हायेत, मॅडम. तुमच्या कामाचे नाहीत.”

सिंधूताईंची तीस वर्षं एका इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली होती. हाडाचा कागद कातडीच्या फायलीत गेला की तिथे बोलणी बसत. घरीही तीच शिस्त. पाच वर्षांत लेकीच्या तीन फायली झाल्या होत्या: सांधे, चेहऱ्यावरचे चट्टे, तोंडातले फोड. ज्या डॉक्टरकडे जायचं, त्याचीच फाईल न्यायची. दुसऱ्याची दाखवली तर त्याला राग येईल, असं त्यांना वाटे.

शेजारी बसलेली लेक, रोशनी, हसली. “आईचं चाललं असतं तं तिनं मलेच कापून तीन कपाटांत ठेवलं असतं!” आणि लपवून आणलेल्या तिन्ही फायली तिनं पर्समधून काढल्या.

“काहून आणल्या वं? मॅडमचा टाइम खराब करून राहिली!”

डॉक्टरांनी सगळे कागद शेजारी-शेजारी मांडले. वाचता वाचता त्यांचा हात थांबला. पायाच्या सुजेसाठी त्याच सकाळी काढलेला लघवीचा रिपोर्ट त्यांनी पुन्हा पाहिला.

“काकू, हे वेगवेगळे आजार वाटत नाहीत. एकच असावा. ल्युपस. शरीर स्वतःवरच उलटतं. कधी सांध्यांवर, कधी कातडीवर. आता किडनीवर आलंय.”

“एकच?” सिंधूताईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. “पाच वर्षं... एकच?”

“हे सगळं कुणी एकत्र पाहिलं असतं, तर...” डॉक्टरांनी वाक्य तिथेच सोडलं.

पंखा फिरत होता, पण सिंधूताईंना काही ऐकू येईना. रोशनीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. “डॉक्टरांले नाही समजलं, तुले कसं समजन वं माय?”

बायोप्सीनं ल्युपसच ठरला. औषधांनी अडीच वर्षं मिळाली. २०२१च्या ऑक्टोबरात रोशनी गेली, चौतिसाव्या वर्षी. तिचा नवरा संघपाल कन्हानला आईवडिलांकडे परतला. पुढे त्यानं दुसरं लग्न केलं. सिंधूताई जाऊन त्याच्या नव्या बायकोला साडी देऊन आल्या. डॉक्टर मुग्धा आता पुण्याला असतात.

सिंधूताई बीपीच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला सरकारी दवाखान्यात जातात. “काय होतं?” असं विचारलं की केसांपासून पायाच्या नखापर्यंत सगळं सांगतात. डॉक्टर घड्याळ पाहतात, मागची रांग कुरकुरते. त्या थांबत नाहीत.