अर्ध्या बोटाचं वाचन

"बोट ओळीखाली ठेवा. तर्जनी. आपण दुसऱ्याच्या चुका ज्या बोटानं दाखवतो, ते," अंगद सर म्हणाले आणि स्वतःच हसले. वर्गही हसला. पुण्याहून आलेल्या माणसानं विनोद केला की हसायचं असतं, एवढं नगरच्या पोरांना कळतं.

कानिफनाथनं उजवा हात पुस्तकावर ठेवला. त्याची तर्जनी मधल्या पेरापाशीच संपत होती. पुढचा तुकडा एमआयडीसीतल्या, पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसनं कधीच नेला होता.

"काका, मधलं बोट वापरलंत तरी चालेल," सर जवळ येऊन हळूच म्हणाले.

"असू द्या. ह्यालाबी वाचायची सवय लागंल."

कंपनीनं जाहीर केलं होतं की यापुढे सुपरवायझर पदवीवालाच होईल. सध्याचे सुपरवायझर रंगनाथभाऊ निवृत्त होणार होते आणि त्यांची खुर्ची कानिफनाथला हवी होती. म्हणून शेहेचाळिसाव्या वर्षी तो विद्यापीठाच्या नोकरदारांच्या वर्गात, भाच्यांच्या वयाच्या पोरांत येऊन बसला होता. पुस्तकं जाड होती आणि इंग्रजी होती. ती समजावून सांगायला माणूस मिळेना, तेव्हा विद्यापीठानं ती भराभर वाचायला शिकवणारा माणूस आणला.

नियम सोपे होते. ओठ हलवायचे नाहीत. आधी मथळे, मग आकृत्या, मग शेवटचा परिच्छेद. अनोळखी शब्द दिसला की ओलांडून पुढे जायचं. आणि काही झालं तरी मागे वळायचं नाही. अनोळखी शब्द ओलांडायचे ठरवले, तर कानिफनाथच्या वाट्याला पानावर 'अँड' आणि 'द' तेवढे राहत होते. पण नियम तो नियम.

सरांनी घड्याळ लावलं. धडा होता पॉवर प्रेसचा.

अर्धं बोट निघालं. मथळे झाले. चौथ्या पानावर आकृती आली आणि वर्तमानपत्रात पाहुण्याचा फोटो दिसावा तसा कानिफनाथ थबकला. ही तर आपलीच प्रेस. फक्त डायच्या, म्हणजे साच्याच्या पुढं, हात आत जाऊ नये म्हणून एक जाळी दाखवलेली होती. कंपनीत ती जाळी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली असायची आणि तिला कामगारांच्या डब्याच्या पिशव्या अडकवलेल्या असायच्या. जाळी लावली की हात सावकाश चालतो, म्हणून बोट गेलं त्या वर्षी ती रंगनाथभाऊंनीच काढायला लावली होती.

आकृतीखाली एक ओळ होती. ती ओलांडायला हवी होती. कानिफनाथनं मोबाईलवर दोन शब्दांचे अर्थ पाहिले, मग ओळ जुळवली. जाळीशिवाय प्रेस चालवू देऊ नये; जाळी जागेवर आहे हे पाहणं मालकाचं काम.

दवाखान्यात रंगनाथभाऊ खाटेशेजारी बसून म्हणाले होते, "तुझंच ध्यान नव्हतं, कानिफ." पट्टी बांधलेला हात छातीशी धरून त्यानं मान डोलावली होती. पुढं बायकोनं, सवितानं विचारलं, सासऱ्यांनी विचारलं, एसटीत शेजारी बसणाऱ्या कुणीही विचारलं, की तो सगळ्यांना एकच सांगायचा. माझंच ध्यान नव्हतं.

तो मागे वळला. ओळ पुन्हा वाचली. ओठ हलवून वाचली.

"वेळ संपली," सर म्हणाले. "काका, तुम्ही अजून इथंच? एका ओळीवर?"

"व्हय."

"ती सोडून द्यायची. परीक्षेला येत नाही ती."

"माझी परीक्षा हिच्यावरच झालीय, सर. नापास झालो म्हून सांगितलं हुतं मला."

"पण मागं वळायचं नाही असं ठरलंय ना आपलं?"

"तुमचं ठरलंय."

वर्गात सगळ्यात कमी गुण त्याला पडले. त्यानं आकडा नीट पाहिलाही नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला, प्रेस सुरू व्हायच्या आधी, कानिफनाथनं जाळीवरच्या पिशव्या उतरवून बाकड्यावर ठेवल्या. जाळी खाली घेतली, झटकली आणि डायपुढं बसवायला लागला.

"ह्ये काय लावलंय?" रंगनाथभाऊ आले.

"जाळी."

"प्रॉडक्शन पडंल."

"पडू द्या."

"सायेब इचारतील."

"माझ्याकडं धाडा. पुस्तकात हाय. मी वाचलंय."

"चार बुकं वाचली तर लई शाना झालास व्हय?" रंगनाथभाऊंनी आवाज खाली आणला. "खुर्चीसाठी तुझंच नाव घ्यायचं चाललंय माझं. डोकं ठिकानावर ठेव."

"नका घेऊ, भाऊ."

रंगनाथभाऊंच्या तोंडी नेहमीचं वाक्य आलं. "त्या वक्ताला तुझंच ध्यान नव्हतं, कानिफ."

"न्हाई," कानिफनाथ म्हणाला. "माझं ध्यान हुतं. जाळी नव्हती."

भिंतीवर जाळीच्या जागी चौकोनी स्वच्छ रंग दिसत होता. रंगनाथभाऊ तिकडं बघत राहिले. कानिफनाथनं शेवटचा नट पान्यानं आवळला आणि तो बसला की नाही हे अर्ध्या बोटानं चाचपून पाहिलं. मग पुन्हा एकदा पाहिलं.