वऱ्हाडाची होडी

बाबांची स्वरपेटी काढायची ठरली आणि मी पॉडकास्ट सुरू करायचं ठरवलं. अंधेरीच्या ऑफिसात दिवसभर डोकं पिकवून चारकोपला परत आलं की मला जेवायचंही जिवावर येतं. पण ऑपरेशननंतर हा आवाज कायमचा जाणार होता. माझे बाबा, धोंडू परब, गोष्ट सांगायला लागले की आमच्या सेक्टरमधली माणसं थांबवलेली रिक्षा सोडून देतात.

माइक आणला, पंखा बंद केला, खिडक्यांना गोधड्या लावल्या. आईला स्वयंपाकघरात बसवून बजावलं, बाई गं, हूं की चूं करू नकोस. आणि बाबा? माइक दिसला की त्यांच्या अंगात रेडिओ संचारायचा. 'सदर विवाह वैशाख मासी संपन्न झाला,' म्हणे. दर रविवारी तेच. पुसायचं, परत घ्यायचं, घाम पुसायचा. वैताग आला होता नुसता.

गोष्ट त्यांच्याच लग्नाची होती. वऱ्हाडाची होडी ओहोटीला खाडीच्या चिखलात रुतली आणि मुहूर्त तर टळत चालला. तेव्हा नवरदेव म्हणे एकटेच चिखल तुडवत मांडवात पोचले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही त्यांचं तेच छापील मराठी चाललं होतं. मी कपाळाला हात लावून बसले होते, तेवढ्यात दार ढकलून आई बाहेर आली.

"खोटा कित्याक सांगतास? माझ्या भावान खांद्यार बसवन हाडल्यान तुमका."

"गप रव. मी चलत इलंय."

मामाने खांद्यावर बसवून आणलं की बाबा चालत आले, यावरून मग जे जुंपलं दोघांचं! बाबांचा खरा आवाज, हसताना तुटणारा, आईवर डाफरताना चढणारा, सगळा आला. मागे कुकरच्या शिट्ट्याही आल्या. मी काही कापलं नाही, तसाच भाग टाकला.

आता बाबांच्या गळ्याला भोक आहे आणि घर नको तितकं शांत आहे. ऐकणारे विचारत होते, शेवटी खरं कोणाचं? मला माइक बघवत नव्हता. बाबांनीच तो काढून आईसमोर ठेवला आणि स्टीलचा पेला हातात घेऊन पलंगावर बसले.

आई त्यांच्याकडे न बघता बोलली. "खरा सांगूचा तर हे चलतच इले. माझो भाव नुसतो बाजूक होतो."

आयुष्यभर तिने हे कबूल केलं नव्हतं. मला रडूच आलं.

बाबांनी पेला पलंगाच्या कडेवर आपटला. आई थांबली. त्यांनी परत आपटला आणि जोरात नकारार्थी मान हलवली. मग भिंतीवरच्या मामाच्या फोटोकडे बोट केलं आणि स्वतःच्या खांद्यावर थाप मारली.

"आता सांगतास?" आई म्हणाली.

पेल्याचा आवाज मी कापला नाही. त्या भागात बाबा तेवढंच बोललेत.