आधी घरचा नळ

नळदुरुस्ती करणारा माणूस महापौर व्हायला निघाला, याचं शहराला केवढं कौतुक! हसू यायचं ते फक्त त्याच्या बायकोला. ती कपडे शिवायची. "शहराला पाणी देणार म्हणे! घरातला नळ वर्षभर गळतोय तो दिसत नाही," असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. नवऱ्याला मत देणार का, असं कुणी विचारलंच तर शिलाई मशीन जोरात चालवायची.

त्याचा सगळा प्रचार एकाच गोष्टीवर होता: मागच्या मतमोजणीत घोळ झाला, या वेळी होऊ देणार नाही. म्हणून मोजणीच्या टेबलावर त्याने प्रतिनिधी म्हणून आपल्या लेकीलाच बसवलं.

आणि तो निवडून आला, अवघ्या एका मताने. विरोधकांनी "घोळ, घोळ" करत हॉल डोक्यावर घेतला. फेरमोजणी लागली.

बापाच्या गठ्ठ्यातली एक मतपत्रिका उलटी पडली आणि लेक पुढे झुकली. मागे पुसट निळ्या रेघा होत्या, कापडावर खुणा करायच्या खडूच्या. मतपत्रिकेवर काही लिहिलं की मत बाद, हे तिला पाठ होतं. बाकी कुणाचंच लक्ष नव्हतं. विरोधकांचा प्रतिनिधी चहा ढोसण्यात गुंग. ती गप्प बसली असती तर बाप महापौर. तो समोरच उभा होता, कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, हारासाठी मान तयार ठेवून.

"साहेब, हे मत बाद करा." तिने मतपत्रिकेकडे बोट दाखवलं.

"अहो ताई, डाग आहे तो," निवडणूक अधिकारी म्हणाले.

"डाग नाही, अक्षरं आहेत. वाचा."

साहेबांनी चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचलं, "आधी घरचा नळ."

हॉल खदखदून हसला. बाप हसला नाही. त्याने लेकीकडे बघून हळूच मान डोलावली.

मतं समसमान झाली, चिठ्ठ्या टाकल्या, नाव दुसऱ्याचं निघालं. हार मिळायचा तिथे हार मिळाली. कार्यकर्ते पोरीवर दातओठ खात होते. बाप मात्र तिच्या खांद्यावर हात टाकून असा ताठ बाहेर पडला की रस्त्यावरच्या दोघातिघांनी त्याचं अभिनंदनच केलं.

घरी आई दारातच उभी होती. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

"मत तुम्हालाच दिलं होतं हो," ती ओशाळून म्हणाली. "जाता जाता जरा आठवण करून दिली, एवढंच."

त्याने पाना घेतला आणि सदऱ्यासकट ओट्याखाली शिरला.

तेवढ्यात शेजारीण खिडकीत आली. "काय हो, बापाला पोटच्या पोरीनेच पाडलं म्हणे?"

आई मशीनवर बसली होती. तिने चाकावर हात ठेवून ते थांबवलं.

"हो, पाडलं! माझ्या मुलीने पाडलं!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की गल्लीभर ऐकू गेलं.

ओट्याखालून आवाज आला, "माझ्या काय? आपल्या म्हण, आपल्या!"