बाईचा फंड अडीअडचणीला

मी एक जुना जेवणाचा डबा आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेला आहे. डब्याने आपली गोष्ट सांगायची म्हणजे आईच्या हातची भाजी, सुट्टीतली अंगतपंगत असं काहीतरी गोड सांगायचं, अशी पद्धत आहे. ते सगळं माझ्याही वाट्याला आलं, नाही कशाला म्हणू? पण मला जे सांगायचं आहे ते गोड नाही.

मला जळगावच्या भांडेबाजारातून मंदाबाईने विकत घेतलं. ती पारोळ्याकडची, लग्न होऊन शहरात आलेली. नवरा जीवराम एका डाळमिलमध्ये मशीनवर होता आणि तीही तिथेच डाळ निवडायला लागली होती. पहिला पगार हातात आला आणि तिने मला घेतलं. तीन कप्पे, वर दांडी, दोन्ही बाजूंना कड्या. काय चकचकीत होतो मी तेव्हा! दुकानदाराने विचारलं, नाव काय टाकू? भांड्यावर नाव टाकल्याशिवाय भांडं घरात न्यायचं नाही, हा आपल्याकडचा रिवाज. नाव अर्थातच नवऱ्याचं. पण ते तोंडाने कसं घ्यायचं? तिने पिशवीतून रेशनकार्ड काढून पुढे केलं. दुकानदाराने बघून बघून माझ्या पोटावर कोरलं, श्री. जीवराम झुलाल पाटील. पैसे तिचे, रोज उचलणारी ती, नाव त्याचं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. शेजारच्या सगळ्या डब्यांवर तसंच होतं.

माझे चांगले दिवस त्या मिलमधले. दुपारची सुट्टी झाली की बायका पोत्यांच्या थप्पीमागे गोल करून बसायच्या. माझं झाकण उघडलं की भरताचा वास सुटायचा आणि दोन-चार हात आपोआप पुढे यायचे. कळण्याची भाकरी, ठेचा, कधी शेवभाजी. 'मंदाबाईचा डबा' म्हणून माझं नाव झालं होतं. पोटावर काय कोरलंय ते कोण वाचतो?

पगारातून मंदाबाईचा फंड कापला जायचा, जीवरामचाही कापला जायचा. पोरांनो, फंड म्हणजे काय ते तुमच्या घरी विचारा, पण थोडक्यात सांगतो. दर महिन्याला पगारातला थोडा भाग बाजूला पडतो, मालकही त्यात घालतो, आणि त्यातूनच म्हातारपणाची पेन्शन तयार होते. मात्र पेन्शनीला नोकरीची दहा वर्षं भरावी लागतात. मधेच सगळा पैसा काढून घेतला की तोवरची वर्षं पुसली गेली. परत कामाला लागलात की परत पहिल्यापासून मोजायचं.

आता ऐका काय झालं. सहा वर्षं झाली आणि दीपक पोटात आला. मंदाबाईने काम सोडलं. मला फडताळात वर ठेवलं आणि माझ्यात बटणं, सुया, दोरे भरले. घर तेव्हा गळत होतं. जीवराम म्हणाला, तुझा फंड काढू, पत्रे टाकू. पत्रे पडले. दीपक शाळेत जायला लागला तशी ती पुन्हा मिलमध्ये गेली, मला घासून पुसून सोबत नेलं. सात वर्षं झाली आणि तिच्या सासूला लकवा मारला. म्हातारीला उचलायला, भरवायला घरात माणूस पाहिजे. माणूस म्हणजे बाई, हे काय वेगळं सांगायचं? ती पुन्हा घरी बसली, मी पुन्हा फडताळात. या वेळी माझ्यात तुरटी आणि ओवा होता. नणंदेचं लग्न तोंडावर आलं होतं. फंड परत काढला.

त्या दुसऱ्या वेळी मिलचा कारकून लीलाधर घरी कागद घेऊन आला होता. भला माणूस. त्याने सांगितलं, फंडाचे पैसे काढा, पण पेन्शनचा भाग तसाच राहू द्या, पुढे काम धरलं तर वर्षं जोडली जातील. जीवराम चहा पीत होता. म्हणाला, "अर्धं कशाले ठेवानं? बठ्ठं काढी टाका." सगळं काढायच्या त्या कागदावर मंदाबाईने दाखवलेल्या जागी सही केली. मी वरून बघत होतो. माझ्या दांडीला हात असते तर तो कागद मी उचलून माझ्यातच कोंबला असता आणि दोन्ही कड्या लावून टाकल्या असत्या.

जीवरामचा फंड का नाही काढला, असं विचाराल. मीही तीस वर्षं तेच विचारतो आहे. पत्र्यांच्या वेळी तो होता, लग्नाच्या वेळीही होता. पण पुरुषाचा फंड म्हातारपणाला आणि बाईचा फंड अडीअडचणीला, असं सगळी गल्ली मानते. कुणी ठरवलं ते कुणाला माहीत नाही. जीवराम वाईट माणूस नाही हो. दारू नाही, मारझोड नाही. भाकरी कडक झाली तरी तोंडातून शब्द काढत नाही. म्हणूनच तर माझा जास्त जीव जळतो. वाईट माणसावर चिडायला सोपं असतं.

सासू गेल्यावर मंदाबाई तिसऱ्यांदा मिलमध्ये गेली. तोवर गुडघे धरले होते, डोळ्यांना धुरकट दिसायला लागलं होतं. पाच वर्षं कशीबशी झाली आणि तिचं वय भरलं. लीलाधरने मान हलवली. दहा भरत नाहीत, वहिनी. सगळं मिळून अठरा वर्षं डाळ निवडली तिने, आणि दहा भरत नाहीत! जीवरामला मात्र पेन्शन सुरू झाली. फार नाही, पण त्याची स्वतःची. महिन्याच्या सुरुवातीला तो इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत जातो आणि येताना जिलेबी आणतो. मंदाबाईला डोळ्यांचे थेंब संपले की त्याच्याकडे मागावं लागतं. तो म्हणतो, मागच्याच आठवड्यात आणले होते ना, इतक्यात संपले? आणि देतो. देतो, पण विचारून देतो. अठरा वर्षं काम केलेल्या बाईला थेंब किती टाकले त्याचा हिशेब द्यावा लागतो, मित्रांनो!

दीपकचं लग्न झालं, वृषाली घरात आली. ती चटईच्या कंपनीत होती, लग्नाआधीपासून. तिने घरात आल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर मला फडताळातून खाली काढलं, चिंचेने घासलं आणि कामावर नेलं. मी खूश होतो. मग तिला दिवस गेले, आणि एका संध्याकाळी जेवताना दीपकने विषय काढला. त्याला लोडिंग रिक्षा घ्यायची होती. रावेरहून केळी आणायची, भाडं चांगलं मिळतं. सुरुवातीला भरायला पैसे पाहिजेत. वृषालीने तसंही काम सोडायचंच आहे, सात वर्षांचा फंड आहे, तो काढू.

सात वर्षं! माझ्या तिन्ही कप्प्यांत धस्स झालं. वृषाली ताटातला भात गोळा करत राहिली. आणि मंदाबाई काय म्हणाली सांगू? म्हणाली, बरोबर आहे, बाईचा फंड अडीअडचणीलाच असतो. मला इतका संताप आला! अगं बाई, तू तरी? पण सवय माणसाच्या जिभेवर बसलेली असते, ती आधी बोलते.

वृषालीने मान वर केली. "आई, मग तुम्हाला पेन्शन का नाही?" तिने कुचकटपणे विचारलं नव्हतं. तिला खरंच माहीत नव्हतं.

मंदाबाई सांगायला लागली. पत्रे, लग्न, सासूचं दुखणं. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला. हे सगळं एका दमात तिने कधी कुणाला सांगितलं नसावं, स्वतःलाही नसावं. जीवरामला वाटलं, बायको उगाच मनाला लावून घेते आहे. तो समजुतीने म्हणाला, "त्यामा काय एवढं, दीपकनी माय? मी गवू का तुले अर्धी पेन्शन भेटीच ना."

खरं होतं ते. नियमच तसा आहे. नवरा गेला की बायकोला निम्मी मिळते. मंदाबाईने हातातला घास ताटात ठेवला.

"मंग मी मन्हा म्हातारपनसाठे तुमना मरानी वाट देखू का?"

ओरडली नाही ती. साधं विचारलं, भाजी वाढू का विचारावं तसं. जीवरामचा हात तोंडाशी थांबला. दीपक पाण्याचा तांब्या शोधायला लागला, तो त्याच्या समोरच होता. मग मंदाबाईच म्हणाली, "वृषालीना फंडले कोनी हात लावू नका. तिले काम सोडानं काम नही. पोर मी सांभाळसू."

वृषालीने राजीनामा दिला नाही, बाळंतपणाची रजा घेतली. दीपक चार दिवस घरात कुणाशी धड बोलला नाही, मग कर्ज काढून रिक्षा घेतली आणि हप्ते भरतो आहे. मुलगी झाली. वृषाली परत कामावर रुजू झाली, आणि तिची दहा वर्षं आता भरत आली आहेत.

छान झालं, असं म्हणाल. मीही म्हणतो. पण ती वर्षं भरतंय कोण? पहाटे पोरीचं दूध, दुपारी तिचं हगणं-मुतणं, ताप आला की दवाखाना, आणि हे सगळं गुडघे धरलेल्या बाईने करायचं. वृषालीच्या पेन्शनमधली तीन वर्षं मंदाबाईने कमावली आहेत, आणि त्यातला एक दिवसही तिच्या नावावर लागणार नाही. थेंब अजून मागूनच आणते.

परवा दारात सर्वेक्षणवाली मुलगी आली होती, हातात मोबाईल घेऊन. घरात कोण कोण, कोण काय करतं, विचारत होती. जीवराम खाटेवर बसून सांगत होता. मी पेन्शनर. मुलगा रिक्षा चालवतो. सून कंपनीत. आणि मावशी काय करतात? त्या वेळी मंदाबाई ओट्याशी मला घासत होती, नात तिच्या कमरेवर झोपली होती आणि गॅसवर दूध होतं.

"ती काही नाही करत," जीवराम म्हणाला. "घरीच असते."

मंदाबाईचे हात थांबले. एवढंच. मग तिने मला पालथा घातला आणि दूध उतू जायच्या आत गॅस बंद केला. मुलीने मोबाईलवर बोट टेकवलं आणि पुढच्या घरी गेली.

मित्रांनो, मी डबा. मला कुणाला अडवता येत नाही आणि कुणाला सुनावता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे. त्या एका वाक्यात बाईची सगळी वर्षं बुडतात. तुमच्याही दारात कधी कुणी विचारील, आई काय करते म्हणून. तेव्हा उंबऱ्यातूनच 'घरीच असते' म्हणून मोकळे होऊ नका. आत जा, तिलाच विचारा, आणि तिचं सांगून होईपर्यंत जागचे हलू नका.