तिसरं कडवं

मी सदाशिव पेठेतल्या एका मेसच्या भिंतीवरचा टीव्ही. जन्मभर दुसऱ्यांचंच बोललो. बातम्या देणाऱ्यांचं, मालिकेतल्या सासवांचं, क्रिकेटच्या समालोचकांचं. आज मी माझं बोलणार आहे. माझ्या तोंडून एकदा काही बाहेर गेलं आणि ते मला अडवता आलं नाही, म्हणून बोलणार आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. आठवतं ते दुकान. तिथे सहा महिने मी रंगीत मासेच दाखवत होतो. मग एका दिवाळीत आप्पासाहेबांनी मला बिबवेवाडीच्या त्यांच्या घरी नेलं. माझ्या कडेला हळदकुंकू लागलं, समोर पेढा ठेवला गेला. चार वर्षं मी त्या घराच्या हॉलचा राजा होतो. पुढे घरात माझ्यापेक्षा मोठा टीव्ही आला आणि मला रिक्षात आडवं घालून आप्पासाहेबांच्या मेसमध्ये आणलं गेलं.

मेस पहिल्या मजल्यावर. बारा टेबलं, एक बेसिन, आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या बरोबर वर मी. फोडणीचा धूर पहिल्यांदा माझ्याकडे येतो, मग खिडकीकडे जातो. जेवणारी सगळी मुलं बाहेरगावची. कुणी परीक्षांचे क्लास करणारं, कुणी आयटीत नोकरी करणारं. ती माझ्याकडे बघत जेवतात आणि ताटात काय होतं ते विसरतात.

माझी काळजी घेणारी एकच बाई होती, मुक्ताबाई. ती लोणी काळभोरहून रोज बसने यायची आणि दोनशे-अडीचशे चपात्या लाटायची. मुलं तिला मावशी म्हणायची. दुपारची गर्दी ओसरली की स्टुलावर चढून ती ओल्या फडक्याने माझा चेहरा पुसायची.

तिची मुलगी राजनंदिनी शाळेच्या सुट्टीत तिच्याबरोबर यायची. रिकाम्या मेसमध्ये माझ्यासमोर बसायची आणि गाण्याचे कार्यक्रम लावायची. मी एक ओळ म्हटली की ती तीच ओळ पुन्हा म्हणायची. माझ्यापेक्षा चांगली म्हणायची. ती मोठी झाली, गाणं शिकायला लागली आणि तिचं येणं बंद झालं.

या वर्षीच्या सुरुवातीला एकदा मला पुसता पुसता मुक्ताबाई हळूच म्हणाली, "राजू परदेशात गायला चाललीय. बावीस देशांचं गाणं हाय. नीट दाखव रं बाबा."

तिने हे फक्त मला सांगितलं. मुलांना नाही, आप्पासाहेबांनाही नाही. पोरीला नजर लागेल, अशी तिला भीती होती. मुलीला विमानतळावर सोडायला जाण्यासाठी तिने एक दिवसाची रजा मागितली, तेव्हाही ती एवढंच म्हणाली, "पोरीचं गाणं हाय."

आप्पासाहेब गल्ल्यावरून म्हणाले, "गाण्याला एक दिवस? उद्या नाच असला तर महिनाभर जाल." पण रजा दिली.

बावीस देशांच्या त्या गाण्याच्या स्पर्धेची अंतिम फेरी रविवारी होती. पूर्वेकडच्या कुठल्याशा देशात तेव्हा संध्याकाळ होती, पुण्यात भर दुपार. रविवारी आमच्याकडे दुपारी फीस्ट, म्हणजे गोडाधोडाचं जेवण, असते आणि संध्याकाळी मेस बंद. त्यामुळे मुलं जेवण लांबवत बसतात. त्या दिवशी मसालेभात, बटाट्याची भाजी, गुलाबजाम आणि गरम पोळ्या होत्या. आयटीत काम करणाऱ्या केदारने त्याच्या मोबाईलवरून माझ्यावर स्पर्धा लावली. चित्राच्या उजव्या कडेला एक पट्टी होती. जगभरचे प्रेक्षक जे लिहीत होते ते त्या पट्टीत खालून वर सरकत होतं. त्या दुपारी माझा अर्धा चेहरा गाणाऱ्यांचा आणि अर्धा बोलणाऱ्यांचा होता.

मुलांना मजा येत होती. कुणाचे कपडे, कुणाचे केस, कुणाच्या मंचावरचा धूर, सगळ्यावर शेरे चालले होते. अकोल्याचा प्रज्ञेश म्हणाला, "हा माणूस गाऊन राहिला की रडून राहिला बे?" त्याच्या शेजारी बसलेली संस्कृती हसता हसता भात सांडत होती. मलाही वाईट वाटलं नाही. लोक असं बोलतातच. ज्याच्याबद्दल बोलतात तो समुद्रापलीकडे असतो.

मग सूत्रसंचालकाने भारताचं नाव घेतलं. मेसमध्ये टाळ्या पडल्या. खाली नाव आलं, राजनंदिनी, पुणे. आप्पासाहेब गल्ल्यावर पैसे मोजत होते, त्यांनी वर बघितलं नाही.

"अरे, पुण्याची आहे!" केदार ओरडला. "चला, आता मतं द्या!"

संस्कृतीने मोबाईलवर वाचून सांगितलं की आपल्या देशाला मत देता येत नाही.

"मग आपण करायचं काय?"

"लिहायचं," प्रज्ञेश म्हणाला.

राजनंदिनी साध्या निळ्या साडीत उभी होती. गाणं मराठीत होतं, तिने स्वतः लिहिलेलं. मुक्ताबाई स्वयंपाकघराच्या दारात आली. हाताला पीठ तसंच. ती माझ्या बरोबर खाली उभी होती, म्हणून तिला मान वर करून बघावं लागत होतं. पहिलं कडवं झालं. मेस गप्प झाली होती. संस्कृती म्हणाली सुद्धा, "छान आहे यार."

दुसऱ्या कडव्याची पहिलीच ओळ वर चढत होती. तिथे तिचा आवाज फाटला. ती थांबली. वाद्यं पुढे गेली. दोन मात्रा, फार तर तीन. मग तिने गाणं पकडलं आणि ती गात राहिली.

पण मेसमध्ये तोवर हशा पिकला होता. उजवीकडची पट्टी इतक्या जोरात सरकायला लागली की माझ्याच डोळ्यांपुढे अंधारी आली. हसणारे चेहरे, रडणारे चेहरे, कोंबड्याची चित्रं. केदारने मोबाईल उचलला, भराभर काही लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं.

"हिला पोळ्या लाटायला पाठवा. तिथे सूर लागत नाही."

टेबलावर थाप पडली. "भारी!" कुणीतरी म्हणालं. पुढच्या क्षणी तेच वाक्य माझ्या चेहऱ्यावर आलं, राजनंदिनीच्या खांद्याला खेटून. मी ते दाखवलं. मला दाखवावंच लागलं. तुम्हाला वाटेल की यंत्राला काय त्याचं. पण खाली तिची आई उभी होती आणि तिला वाचता येत होतं. चौथीपर्यंत शिकली होती ती.

मुक्ताबाई आत गेली. लगेच बाहेर आली. तिच्या हातात तव्यावरून काढलेली पोळी होती. ती केदारच्या ताटात घालत म्हणाली, "घ्या. गरम हाय."

"थँक यू मावशी," केदार म्हणाला. त्याचं लक्ष मोबाईलकडे होतं. त्याच्या वाक्याला मिनिटात चारशे जणांनी पसंती दिली होती.

गाणं कधी संपलं ते कुणालाच कळलं नाही.

मग निकालाची वेळ झाली. सगळे गायक ओळीने सोफ्यांवर बसले होते आणि एक निवेदिका त्यांच्यामधून फिरत होती. ती राजनंदिनीपाशी आली. आज घरून कोण बघत आहे, असं तिने इंग्रजीत विचारलं. राजनंदिनीचे डोळे लाल होते, पण ती हसली. ती अडखळत इंग्रजीत म्हणाली, माझी आई बघतेय. ती पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका मेसमध्ये चपात्या करते. आता ती स्वयंपाकघराच्या दारात उभी असेल. मग कॅमेऱ्यात बघून ती आमच्या भाषेत म्हणाली, "आई, तव्याकडं बघ. चपाती करपंल."

निवेदिका काहीच न कळता हसली आणि पुढे गेली.

इथे आतून करपल्याचा वास आला.

बारा टेबलांवरची माणसं एकदम दाराकडे वळली. मुक्ताबाई तिथेच होती. तिच्या मागे तव्यावरून धूर निघत होता आणि तिला त्याचं भान नव्हतं. संस्कृती उठली, तिच्या बाजूने आत गेली आणि तिने गॅस बंद केला. आप्पासाहेब गल्ल्यावरून उठून उभे राहिले. "मुक्ताबाई," ते म्हणाले, "अहो, सांगायचं तरी!" एवढं बोलून ते पुन्हा खाली बसले.

केदारने घाईघाईने मोबाईल उचलला. त्याने ते वाक्य पुसलं. माझ्यावरून ते गेलं, पण दुसऱ्यांनी त्याचा फोटो काढून ठेवला होता. तो फोटो पुन्हा पट्टीत आला, एकदा, दोनदा, दहादा. कुणीतरी राजनंदिनीच्या हातात माईकच्या जागी लाटणं चिकटवलं होतं. "अरे थांबवा ना," केदार माझ्याकडे बघून म्हणाला. मी कसा थांबवणार? शेवटी प्रज्ञेशने मला बंद केलं. भारत एकोणिसावा आला, हे त्यांना नंतर मोबाईलवर कळलं.

मुक्ताबाई संध्याकाळच्या बसला निघण्याआधी केदार तिच्यापाशी गेला.

"मावशी, मला माहीत असतं तर मी लिहिलं नसतं. खरंच."

मुक्ताबाई पिशवी आवरत होती. तिने वर बघितलं. "दुसऱ्या कुणाची पोर असती तर चाललं असतं का रं?" ती टोमणा मारत नव्हती. तिला ते खरोखरच जाणून घ्यायचं होतं.  मग बसची वेळ झाली म्हणून ती गेली.

पुढचा आठवडा मी कधीच विसरणार नाही. मंगळवारी दुपारी ऐन गर्दीत मी बातम्या सांगत होतो. आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धेत पुण्याच्या गायिकेची फजिती, नेटकऱ्यांनी उडवली खिल्ली, असं काहीसं. आणि मग तेच वाक्य, मोठ्या अक्षरांत, ठसक्यात वाचून. मुक्ताबाई वाढायला बाहेर आली होती. आप्पासाहेब रिमोट शोधत होते. पेपर उचलला, वही उचलली, लोणच्याची बरणी हलवली. रिमोट मिळेना. माझ्या तोंडून ते वाक्य दुसऱ्यांदा गेलं, तिसऱ्यांदा गेलं. अखेर त्यांनी खुर्चीवर चढून माझी वायरच उपटली. माझा त्यांच्यावर राग नाही. कुणीतरी आधीच उपटली असती तर बरं झालं असतं.

राजनंदिनी परत आली. केदार लोणी काळभोरला जाऊन तिला भेटला, हे मला त्याच्याच बोलण्यातून कळलं. तो प्रज्ञेशला सांगत होता, "तिने चहा दिला. म्हणाली, तुम्ही एकटेच असता तर मी माफ करून मोकळी झाले असते. बाकीच्यांना कुठं शोधू?" 

मुक्ताबाई त्याच्याशी पूर्वीसारखीच वागत होती. पण एकदा मला पुसताना तिचा हात थांबला. "पोरगी आंघोळ करताना बी गुणगुणत न्हाई," ती म्हणाली. शिकवणारे सर घरी येऊन गेले, कॉलेजच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं, राजनंदिनी कशालाच हो म्हणाली नाही. तिने एका दुकानात नोकरी धरली होती. मला त्या बाईला काही सांगायचं होतं. पण ज्याला स्वतःचा शब्द नाही तो काय सांगणार!

मीही आता थकलो आहे. उजव्या कडेला एक उभी काळी रेघ पडली आहे. मसाल्याच्या वाफेने आवाज घोगरा झाला आहे. दिवाळीत नवा टीव्ही आणायचं आप्पासाहेबांनी ठरवलं आहे आणि माझं पुढे काय होणार ते मला कुणी विचारलेलं नाही.

गेल्या गुरुवारची गोष्ट. दुपारचे साडेतीन झाले होते. मेस रिकामी होती. प्रज्ञेश एका कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसला होता. मुक्ताबाई त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"बाळा, राजूचं गाणं लावशील का? खालचं-बाजूचं लिव्हलेलं नगं. नुसतं गाणं."

"मावशी, कशाला? त्रास होईल."

"त्या दिवशी म्या ऐकलंच न्हाई. तुमी समदे हसत हुता."

प्रज्ञेशने मान खाली घातली. त्याने ते गाणं शोधलं आणि चित्र पूर्ण पडदाभर पसरवलं. बाजूची पट्टी गेली. मेसमध्ये इतकी वर्षं काम करून मुक्ताबाई जेवणाऱ्यांच्या खुर्चीवर कधी बसली नव्हती. त्या दिवशी बसली. माझ्यासमोर, पहिल्या टेबलाला.

पहिलं कडवं एका लहान मुलीचं होतं. ती हायवेच्या फाट्यावर आईच्या बसची वाट बघत उभी आहे. दुसऱ्या कडव्यात अंधार पडतो आणि बस येत नाही. तिथेच, अंधार पडतो त्याच ओळीवर, आवाज फाटला होता. मुक्ताबाईने डोळे मिटून घेतले. पण राजनंदिनी थांबून राहिली नव्हती. तिने ती ओळ सोडून दिली, पुढची घेतली आणि मग तिसरं कडवं आलं.

तिसऱ्या कडव्यात बस येते. आई उतरते. तिच्या पदराला तव्याचा वास असतो. मुलगी तिचा हात धरते आणि दोघी शेताच्या वाटेने चालायला लागतात. राजनंदिनीचा आवाज तिथे मोकळा लागला होता आणि एकही सूर हलला नव्हता. माझ्या घोगऱ्या गळ्यातूनसुद्धा ते कळत होतं. मी ते त्या रविवारीही जसंच्या तसं म्हटलं होतं. भरलेल्या मेसमध्ये, सगळ्यांसमोर.

गाणं संपलं. प्रज्ञेश पुस्तकात तोंड लपवून बसला होता. मुक्ताबाईने कमरेचा मोबाईल काढला आणि फोन लावला.

"राजू, म्या हाय. दुकानात हायस का? ऐक. तिसरं कडवं लई चांगलं गायलीस गं."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही.

"आज ऐकलं. आत्ता."

ती बराच वेळ मोबाईल कानाला लावून बसली. पलीकडे बोलणं चालू होतं की नुसता श्वास, देव जाणे. मग ती म्हणाली, "बरं. ठेव. गिऱ्हाईक आलं आसंल." आणि उठून कणीक मळायला आत गेली.

राजनंदिनी पुन्हा गाईल का, मला माहीत नाही. मी दिवाळीपर्यंतच आहे. तुमच्या घरातल्या टीव्हीवरून कुणी गात असेल आणि मध्येच त्याचा आवाज फाटला, तर एवढंच करा, थोडा वेळ गप्प बसा. अजून एखादं कडवं बाकी असतं.